‘पुट ऑफ’ दर वेळी कुठे अडतं? आधी कर्म तपासा

काही वर्षांपूर्वी एका भाषांतराच्या कामात मजकूर देणाऱ्याने ऐन वेळी बरेच बदल पाठवले. काम दोन दिवस लांबणार होतं. मी इंग्रजीत कळवलं, ‘आय वॉज पुट ऑफ बाय युअर चेंजेस.’ मनातलं वाक्य साधं होतं: तुमच्या बदलांमुळे माझं काम पुढे गेलं. तासाभरात उत्तर आलं, दोनच ओळींचं. बदल पसंत नसतील तर तसं मोकळेपणाने सांगा, असं त्यात होतं. मी माझं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, त्यात खटकण्यासारखं काही सापडेना. शेवटी शब्दकोश उघडला. तेव्हा कळलं की मी जे लिहिलं होतं त्याचा अर्थ होता, ‘तुमचे बदल बघून माझं मन विटलं.’

तेव्हापासून दुसऱ्यांची इंग्रजी पत्रं तपासताना ‘पुट ऑफ’ दिसलं की मी थांबतेच. आणि दर वेळी तिथे काही ना काही सापडतं. चूक करणारे लोक कच्चे नसतात. ‘पुट ऑफ म्हणजे काय?’ असं विचारलं तर क्षणात ‘पुढे ढकलणे’ असं बरोबर उत्तर देतात. तरी वाक्य फसतं, एकदा दुरुस्त केलं तरी पुढच्या पत्रात पुन्हा फसतं. म्हणून ही अडचण मुळापासून बघू या.

तुमची अडचण हीच आहे का?

पुढच्यापैकी एखादी गोष्ट ओळखीची वाटते का बघा. ‘द नॉइज पुट मी ऑफ’ असं वाक्य वाचलं आणि ‘आवाजाने मला पुढे ढकललं’ असा काहीतरी अर्थ डोक्यात आला. ‘आय पुट ऑफ इट’ असं लिहिलं आणि कोणीतरी त्यावर लाल रेघ मारली, पण कारण सांगितलं नाही. ‘आय पुट ऑफ टू गो’ लिहिलं. दिवा बंद करायला, बूट काढायला, बैठक रद्द करायला, सगळीकडे ‘पुट ऑफ’ वापरलं आणि काही ठिकाणी चाललं, काही ठिकाणी समोरचा गोंधळला. किंवा ‘पुट ऑफ बाय’ असं लिहिताना माझ्यासारखं भलतंच बोलून बसलात.

वरवर या पाच वेगळ्या चुका दिसतात. माझ्या मते यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे.

बिघाड कुठे आहे

आपण हे क्रियापद यादीतून शिकलो. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ‘पुट ऑफ: पुढे ढकलणे’. ‘पुट आउट: विझवणे’. ‘पुट ऑन: घालणे’. या याद्यांमध्ये एक गोष्ट कधीच नसते: काय ढकलणे, काय विझवणे, काय घालणे. म्हणजे कर्मच गायब. आणि ‘पुट ऑफ’चा अर्थ तर कर्मावरच ठरतो.

मराठीत ही गोष्ट आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही. ‘काढणे’ घ्या. चित्र काढणे, दात काढणे, झोप काढणे, कर्ज काढणे, दिवस काढणे, कुणाची खोड काढणे. ‘काढणे म्हणजे काय?’ असं कुणी नुसतं विचारलं तर आपण उलट विचारू, ‘काय काढणे?’ चित्र काढताना कागदावर काहीतरी नवीन येतं आणि दात काढताना तोंडातलं जातं, तरी आपला गोंधळ होत नाही, कारण कान आधी कर्म ऐकतो. ‘पुट ऑफ’ ऐकताना मात्र आपण कर्म न ऐकता थेट यादीतला अर्थ लावतो.

ही अडचण फक्त आपली नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी मुद्दाम नोंदवलं आहे की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची पद्धत परकीयांना सर्वांत जास्त जड जाते. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’ अशी ‘ऑफ’ची उदाहरणं बरीच आहेत. तेव्हा अडचण जुनी आहे आणि कोशकारांनीही मान्य केलेली आहे.

आता ‘ऑफ’कडे बघा. त्यात ‘पुढे’ असं काही नाही. ‘ऑफ’ म्हणजे लागून असलेली गोष्ट सुटी होणं, अलग होणं, दूर जाणं. ‘पुट’ म्हणजे ठेवणं. दोन्ही मिळून चित्र उभं राहतं ते ‘दूर सारणे’ असं. काम आजपासून दूर सारलं की ते पुढे ढकललं जातं. माणसाला दारातून दूर सारलं की त्याची बोळवण होते. माणसाचं मन एखाद्या गोष्टीवरून दूर सारलं की त्याचं मन उडतं. चित्र तेच राहतं. काय दूर सारलं आणि कशापासून, एवढंच बदलतं. ‘पोस्टपोन’ या शब्दाचंही असंच आहे, तो लॅटिनमधून आला आणि त्याची फोड ‘नंतर’ अधिक ‘ठेवणे’ अशी होते. ‘ठेवणे’ दोन्हीकडे आहे, फक्त ‘पोस्टपोन’मध्ये ‘नंतर’ हा भाग शब्दातच पक्का बसला, म्हणून त्याला दुसरा अर्थ फुटला नाही. ‘पुट ऑफ’ला फुटले.

पहिली दुरुस्ती: कर्म काम आहे की माणूस?

वाक्य वाचताना किंवा लिहिताना आधी एवढाच प्रश्न विचारा.

कर्म म्हणजे काम, कार्यक्रम, निर्णय, प्रवास असं काही असेल तर प्रश्न मिटला. ‘वी पुट ऑफ द मीटिंग’, बैठक पुढे ढकलली. ‘शी पुट ऑफ द डिसीजन’, तिने निर्णय लांबणीवर टाकला. इथे यादीतला अर्थ शंभर टक्के चालतो.

कर्म माणूस असेल तर सावध व्हा, कारण माणसाच्या बाबतीत चार वेगळे अर्थ निघतात आणि चारही रोजच्या वापरातले आहेत.

पहिला, त्या माणसाची भेट पुढे ढकलणं. ‘आय हॅड टू पुट माय गेस्ट्स ऑफ टिल सॅटर्डे.’ पाहुण्यांना शनिवारी या असं कळवावं लागलं. इथे ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ सोबत असतं आणि तीच खूण आहे. वेळेचा शब्द दिसला की अर्थ वेळेचा.

दुसरा, बोळवण करणं. ‘ही पुट मी ऑफ विथ एक्सक्यूजेस.’ त्याने सबबी सांगून माझी बोळवण केली. मराठीत यासाठी टोलवणे, झुलवत ठेवणे, वाटेला लावणे असे कितीतरी शब्द आहेत. खूण म्हणजे ‘विथ’. कशाने बोळवण केली ते ‘विथ’नंतर येतं. याच्याच उलट बाजूने ‘शी वॉन्ट बी पुट ऑफ’ असं वाक्य सापडतं. ती अशी बधणार नाही, काहीतरी सांगून तिला वाटेला लावता येणार नाही. हे वाक्य ‘ती पुढे ढकलली जाणार नाही’ असं वाचलेलं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे आणि वाचणाऱ्याला वाटलं की तिची तारीख पक्की झाली.

तिसरा अर्थ मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण माझी चूक तिथे झाली होती. मन उडणं, विटणं, बिचकणं. ‘द स्मेल पुट मी ऑफ.’ वासानेच नको वाटलं. ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द लेंग्थ.’ लांबी बघून बिचकू नका. पुष्कळदा ‘ऑफ’नंतर आणखी एक नाम येतं आणि ते ज्यावरून मन उडालं ती गोष्ट दाखवतं. ‘द इलनेस पुट हिम ऑफ हिज फूड.’ आजारपणात त्याची अन्नावरची वासना उडाली. मराठीत आपण ‘अन्नावरची’ वासना ‘उडाली’ म्हणतो, ‘त्या गोष्टीवरून’ मन ‘उडालं’ म्हणतो. हे ‘वरून उडणं’ आणि इंग्रजीतलं ‘ऑफ’ एकमेकांना इतके जवळचे आहेत की हा अर्थ आपल्याला सर्वांत सोपा जायला हवा होता. यादीत त्याला जागा मिळाली नाही, एवढंच.

चौथा, लक्ष उडवणं. कुणी नेम धरतंय, कुणी मोजदाद करतंय, कुणी तोंडपाठ म्हणून दाखवतंय आणि शेजारी गडबड चालू आहे. ‘स्टॉप इट, यू आर पुटिंग मी ऑफ.’ थांबव, माझं लक्ष उडतंय. हा वापर विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत ऐकू येतो. त्याला वेगळी खूण नसते, प्रसंगावरूनच कळतं. तिसऱ्या आणि चौथ्या अर्थात गल्लत झाली तरी फार बिघडत नाही, दोन्हीकडे मनच विचलित होतं. पण पहिला आणि तिसरा अदलाबदल झाला तर माझ्यासारखी वेळ येते.

‘बाय’ दिसलं की थांबा

कर्मणी रचनेत हा घोटाळा सर्वांत जास्त होतो, म्हणून यावर थोडा वेळ घालवू या. ही तीन वाक्यं शेजारी ठेवा.

‘द लाँच वॉज पुट ऑफ बाय अ मंथ.’
‘द बायर्स वेअर पुट ऑफ बाय द प्राइस.’
‘आय वॉज पुट ऑफ बाय युअर चेंजेस.’

पहिल्यात ‘बाय’नंतर कालावधी आहे. एक महिन्याने पुढे. दुसऱ्यात ‘बाय’नंतर कारण आहे आणि वाक्याच्या सुरुवातीला माणसं आहेत, त्यामुळे किंमत ऐकून गिऱ्हाइकं बिचकली, मागे सरली. तिसरं माझं. रचना हुबेहूब दुसऱ्यासारखी आहे: माणूस, मग ‘पुट ऑफ’, मग ‘बाय’, मग कारण. समोरच्याने ते दुसऱ्यासारखं वाचलं, यात त्याचं काही चुकलं नाही. मला काम पुढे गेल्याचं सांगायचं होतं, पण वाक्यात ‘काम’ हा शब्दच नव्हता. ‘आय’ होता.

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘मी पुढे गेलो’, ‘माझं पुढे गेलं’, आणि ऐकणारा काम समजून घेतो. इंग्रजीत ‘पुट ऑफ’बरोबर तशी सूट नाही. पुढे जातं ते काम, तर कामाचं नाव घ्या. आणि एखादी घटना कशामुळे पुढे गेली ते सांगायचं असेल तर ‘बाय’ टाळून ‘बिकॉज ऑफ’ लिहा. ‘द मॅच वॉज पुट ऑफ बिकॉज ऑफ रेन.’ मग ‘बाय’ फक्त कालावधीसाठी मोकळा राहतो.

दुसरी दुरुस्ती: ‘टू गो’ नाही, ‘गोइंग’

‘पुट ऑफ’नंतर दुसरं क्रियापद आलं तर त्याला ‘आयएनजी’ लागतं. ‘आय पुट ऑफ कॉलिंग हर.’ नियम एका ओळीचा आहे, तरी चूक पुन्हा पुन्हा होते. माझा अंदाज असा की त्याला मराठी वाक्य कारणीभूत आहे. आपण मनात म्हणतो, ‘तिला फोन करायचं पुढे ढकललं.’ ‘करायचं’ म्हटलं की हात आपोआप ‘टू कॉल’ लिहितो, कारण ‘मला करायचं आहे’ म्हणजे ‘आय वॉन्ट टू’ ही जोडी डोक्यात घट्ट बसलेली असते.

उपायही मराठीतच आहे. मनातलं वाक्य थोडं बदला. ‘फोन करायचं’ऐवजी ‘फोन करणं पुढे ढकललं’ असं म्हणा. ‘करणं’ हे नाम आहे, आणि ‘कॉलिंग’ हेही इथे नामासारखंच वागतं. ‘करणं’ म्हटल्यावर ‘टू’ येत नाही. मी हे अनेकांना सुचवलं आहे आणि नियम सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होताना पाहिला आहे.

आता कर्माची गोष्ट आणि ‘आयएनजी’ची गोष्ट एकत्र येते तिथलं एक जोडवाक्य बघा.

‘आय पुट ऑफ गोइंग.’
‘इट पुट मी ऑफ गोइंग.’

मध्ये फक्त ‘मी’ आला, म्हणजे इंग्रजीतलं ‘मला’. पहिल्यात जाणं दूर सारलं: जाणं पुढे ढकललं, पण जाणार आहे. दुसऱ्यात मला जाण्यापासून दूर सारलं: कशामुळे तरी जावंसंच वाटेना, आणि बहुधा जाणारही नाही. एका छोट्या शब्दाने वाक्याचा शेवटच उलटा होतो. ही दोन वाक्यं तोंडात बसली की ‘पुट ऑफ’चं निम्मं काम झालं असं मी समजते.

‘इट’ची जागा

‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. पण बैठकीऐवजी ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘मी’ असं सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. ‘पुट इट ऑफ.’ ‘पुट ऑफ इट’ कधीच नाही.

कारण समजून घ्यायचं असेल तर मोठ्याने म्हणून बघा. या जोडीत आघात ‘ऑफ’वर पडतो आणि वाक्य तिथे टेकतं. ‘इट’ हा हलका शब्द आहे, आधीच माहीत असलेल्या गोष्टीचा. हलका शब्द शेवटी ठेवला तर वाक्याला टेकायला जागा राहत नाही. उलट कर्म फार लांबलचक असेल तर ते मध्ये कोंबू नका, ‘ऑफ’ इतका मागे पडतो की वाचणारा त्याची वाट बघत राहतो. ‘दोघांनी मिळून महिनाभर ठरवत आणलेली ती भेट’ एवढं मोठं कर्म असेल तर आधी ‘पुट ऑफ’ संपवा, मग ते लिहा. मधल्या लांबीच्या कर्माला दोन्ही जागा मोकळ्या आहेत.

पुढे म्हणजे कुठे?

आता एक अशी अडचण, जी ‘पुट ऑफ’ टाळून दुसरा शब्द शोधणाऱ्यांना गाठते. मराठीत बैठक ‘पुढे’ ढकलली म्हणजे ती उशिरा होणार. हा ‘पुढे’ इंग्रजीत नेताना अनेक जण ‘फॉरवर्ड’ वापरतात. आणि ‘ब्रिंग फॉरवर्ड’चा अर्थ बरोबर उलटा आहे: अलीकडे आणणं, ठरल्यापेक्षा लवकर घेणं. बुधवारची बैठक दोन दिवस पुढे ढकलली असं सांगायला कुणी ‘ब्रॉट फॉरवर्ड’ लिहिलं तर लोक सोमवारीच हजर होतील.

‘मूव्ह फॉरवर्ड’चं तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांतही एकमत नाही. भाषा आणि विचार यांच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या लेरा बोरोडित्स्की यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांना असाच प्रश्न विचारला होता: पुढच्या बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ नेली, तर ती कधी? काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार, आणि उत्तर यावर हलतं की माणूस स्वतः काळातून चालतोय असं मनात धरतो, की काळ आपल्याकडे येतोय असं. म्हणून लेखी कळवताना मी ‘मूव्ह फॉरवर्ड’ला हातच लावत नाही.

ब्रिटिश इंग्रजीत ‘पुट बॅक’ म्हणजेही उशिरा नेणं. शब्द मागे जाण्याचा, अर्थ आपल्या ‘पुढे’चा. आणि घड्याळ ‘पुट बॅक’ केलं तर काटे मागच्या वेळेवर जातात. या सगळ्या गर्दीत ‘पुट ऑफ’ हा खरं तर सर्वांत सुरक्षित शब्द आहे, कारण त्यात दिशाच नाही. दूर सारलं, म्हणजे नंतर. त्याच्या उलट क्रियेसाठी ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लक्षात ठेवा. ‘प्रीपोन’ हा शब्द भारतीय इंग्रजीत रुळलेला आहे आणि मला तो सोयीचा वाटतो, पण भारताबाहेरच्या वाचकाला तो कळेलच असं नाही.

नवी तारीख सांगताना ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. ‘पुट ऑफ टिल मंडे’ म्हणजे आता सोमवारी होणार. मराठी ‘सोमवारपर्यंत’ची सवय असल्याने काहींना वाटतं की सोमवार संपेपर्यंत काही नाही आणि काम मंगळवारी. तसं नाही. सोमवार हीच नवी तारीख.

शेजारचे शब्द

रद्द करणं म्हणजे ‘कॉल ऑफ’. ‘पुट ऑफ’मध्ये काम जिवंत असतं, ‘कॉल ऑफ’मध्ये संपतं. ही अदलाबदल महागात पडू शकते, कारण लोक परत येण्याची तयारी ठेवतात किंवा सोडून देतात.

आग आणि मेणबत्ती विझवायला ‘पुट आउट’. दिव्यासाठी ‘पुट ऑफ’ ब्रिटिश इंग्रजीत आढळतं, त्यामुळे ते चूक म्हणता येणार नाही, पण ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ जगात कुठेही कळतं. मी तेच लिहिते.

कपडे, बूट, चष्मा घालणं ‘पुट ऑन’, पण काढणं ‘टेक ऑफ’. ‘ऑन’च्या उलट ‘ऑफ’ म्हणून ‘पुट ऑफ’ असावं हा तर्क समजण्यासारखा आहे, आणि एके काळी तो खराही होता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये जळत्या झुडपापाशी मोशेला पायांतले जोडे काढायला सांगितलं जातं तिथे ‘पुट ऑफ दाय शूज’ असंच आहे. चारशे वर्षांत हा वापर मागे पडला. आज कुणाला बूट काढायला सांगायचं तर ‘टेक ऑफ’च.

लिहिताना अडणाऱ्या बारीक गोष्टी

देवनागरीत आपण ‘ऑफ’ एकच लिहितो, इंग्रजीत मात्र दोन शब्द आहेत. एका एफचा, ज्याचा उच्चार ‘अव्ह’च्या जवळ जातो आणि अर्थ आपल्या ‘चा-ची-चे’सारखा असतो. आणि दोन एफचा, ज्यात शेवटी स्पष्ट ‘फ’ ऐकू येतो आणि अर्थ ‘अलग’. जुन्या इंग्रजीत हा एकच शब्द होता, आघात असलेलं रूप आणि नसलेलं रूप हळूहळू वेगळे झाले. ‘पुट ऑफ’मध्ये कायम दोन एफ. उच्चार करताना शेवटचा ‘फ’ नीट काढलात तर लिहिताना दुसरा एफ सुटत नाही.

‘पुट’ची तिन्ही रूपं एकच आहेत. ‘पुटेड’ असं काही नसतं. त्यामुळे ‘दे पुट ऑफ द ट्रिप’ हे वाक्य आजचं की कालचं ते वेळेच्या शब्दावरून ओळखावं लागतं. ‘ही पुट इट ऑफ’मध्ये मात्र एस नाही, म्हणजे ते भूतकाळातलंच. ‘पुटिंग’ लिहिताना टी दोनदा.

आणि ‘नकोसा वाटणारा’ असं विशेषण हवं असेल तर शब्द उलटे होतात: ‘ऑफ-पुटिंग’, मध्ये जोडरेघ. ‘हिज मॅनर इज ऑफ-पुटिंग.’ त्याची वागण्याची तऱ्हा अशी, की माणूस चार हात लांब राहतो. या विशेषणात ‘पुढे ढकलण्या’चा अर्थ अजिबात नाही. लांबलेल्या बैठकीला ‘ऑफ-पुटिंग मीटिंग’ म्हटलं तर ती नकोशी झाली, असा अर्थ होतो.

‘पोस्टपोन’ की ‘पुट ऑफ’?

अर्थ एक असला तरी वजन वेगळं आहे. औपचारिक सूचनेत ‘पोस्टपोन’ शोभतं. ‘पुट ऑफ’ बोलण्यातलं आहे आणि त्यात पुष्कळदा टाळाटाळीची छटा येते, विशेषतः ‘कीप’बरोबर. ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’ म्हणजे मी चालढकल करतोय. मराठीत ‘पुढे ढकलणे’ आणि ‘चालढकल करणे’ यांत जो फरक आहे तोच इथे आहे. स्वतःच्या बाबतीत ही कबुली मोकळी वाटते. दुसऱ्याला ‘यू पुट ऑफ द पेमेंट’ असं लिहिलंत तर मात्र त्यात ‘तुम्ही टाळलंत’ असा आरोप ऐकू येऊ शकतो. पैशाच्या किंवा मुदतीच्या पत्रात ‘डिलेड’ किंवा ‘पोस्टपोन्ड’ लिहिणं बरं.

माझ्या त्या पत्राचं पुढे काय झालं ते सांगते. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, बदल चांगले आहेत असं स्पष्ट सांगितलं आणि खाली दुरुस्त वाक्य दिलं: ‘बिकॉज ऑफ द चेंजेस, आय हॅव पुट द वर्क ऑफ टिल थर्सडे.’ या वेळी दूर सारलेली गोष्ट काम होती, ‘बाय’ नव्हतं आणि ‘टिल’नंतर दिवस होता. उत्तर आलं, गुरुवार चालेल.